दोरा लांब जावा, पाऊल काठावर राहावे

उन्हाळा लागला की आपल्या जालना जिल्ह्यातल्या धरणांचे पाणी काठापासून दूर दूर जाऊ लागते. बदनापूर तालुक्यातल्या सोमठाण्याच्या अप्पर दुधना प्रकल्पावर जे कधी गेले असतील, त्यांना हे दृश्य ओळखीचे असेल. दिवाळीच्या सुमारास जिथे उभे राहिले की पायाशी पाणी लागते, तिथून एप्रिलमध्ये शे-दीडशे पावले भेगाळलेल्या काळ्या गाळावरून चालावे लागते, तेव्हा कुठे पाणी दिसते. आपला मुलूख सपाट आहे. त्यामुळे आपली धरणे पसरट आणि उथळ आहेत. पैठणचा नाथसागर सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलेला, पण खोलीला बेताचाच. अशा जलाशयात पाणी एक मीटर उतरले तरी काठ फर्लांगभर मागे सरतो. मासेही पाण्याबरोबर मागे सरतात आणि बुडालेल्या जुन्या नदीपात्राच्या खोलीत जाऊन बसतात.

गळ टाकणाऱ्यासाठी म्हणूनच उन्हाळ्यातला मोठा प्रश्न अंतराचा असतो. रोहू, कटला, मृगळ समोरच आहेत, मध्येच एखादा उसळी मारून दर्शनही देतो, पण आपला गळ तिथपर्यंत पोचत नाही. आमच्याकडची तरुण पोरे या प्रश्नाचे उत्तर एकाच पद्धतीने शोधतात. पायजमा किंवा पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळतात आणि पाण्यात उतरतात. गुडघ्याचे पाणी मांडीला येते, मांडीचे कमरेला. दहा पावले पुढे गेलो की गळही दहा पावले पुढे पडेल, असा सरळ हिशेब असतो.

हा हिशेब चुकीचा का आहे, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

धरणातला गाळ वरून घट्ट दिसतो, आत मात्र मळलेल्या कणकेसारखा असतो. पाय एकदा पिंडरीपर्यंत गेला की दुसऱ्या पायावर जोर द्यावा लागतो, आणि मग तोही रुततो. त्यात आणखी एक गोष्ट अलीकडची आहे. 2017 साली राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. योजना चांगली आहे. गाळ शेतात गेला, जमिनी सुधारल्या, तलावात पाणी साठायला जागा झाली. पण जेसीबीने जिथून गाळ उचलला तिथे उभ्या कडांचे खड्डे राहू शकतात, आणि पाणी भरल्यावर ते वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्याचे पुढचे पाऊल दोन पुरुष खोल जागी पडू शकते.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा मोठा भाऊ असाच गेला. विसाव्या वर्षात होता. त्याला पोहता येत होते. जनाज्याच्या वेळी जो तो हेच विचारत होता, की पोहणारा मुलगा बुडाला कसा? पण ज्याचे पाय गाळात धरले गेले आहेत, त्याला पोहणे काय कामाचे? बरोबरच्या मुलांनी सांगितले, की मासे जरा लांब होते, म्हणून तो थोडा पुढे गेला होता. अल्लाह त्याची मगफिरत करो. तेव्हापासून एखादा मुलगा मला विचारतो, “सर, गळाला दोरा कोणता घेऊ?” तेव्हा मी त्याला दोन शब्दांत उत्तर देत नाही. बसवून घेतो आणि सगळे सांगतो.

माझी मोठी बहीण तिच्या मुलाला माझ्याबरोबर पाठवते ते याच अटीवर. “मासा नसला तरी चालेल, माझं पोरगं कोरड्या पायांनी घरी आण,” असे आपा दर रविवारी बजावते. ही अट पाळायची आणि गळही लांब टाकायचा, तर एकच वाट उरते. जे अंतर पायाने मिळवायचे, ते दोऱ्याकडून मिळवायचे.

भाच्याचे नेहमीचे म्हणणे असे, “मामू, जाड दोराच घ्या ना. मोठा मासा लागला तर?” आमच्या गल्लीतल्या बहुतेकांचे म्हणणे हेच असते. दुकानात गेले की सगळ्यात जाड तंगूस मागायचे, कारण जाड म्हणजे मजबूत. मी त्याला म्हणालो, “मोठा मासा लागतो कधीतरी. फेक मात्र दर वेळी करावी लागते.”

शिसे हवेत उडते तेव्हा ते दोरा आपल्यामागे ओढत नेत असते. दोरा जितका जाड, तितका हवेचा अडथळा जास्त. तो रिळाच्या स्पूलवरून सुटताना स्पूलच्या कडेला घासतो, पुढे काठीवरच्या प्रत्येक कडीला घासतो. जाड दोरा ताठ असतो, त्याला स्पूलच्या वेटोळ्यांची सवय लागलेली असते. तो स्प्रिंगसारखा गोल गोल होऊन बाहेर पडतो आणि प्रत्येक कडीवर शिशाचा वेग थोडा थोडा खातो. पातळ आणि मऊ दोरा या सगळ्यांतून सहज निसटतो. म्हणून लांब फेकीचा पहिला नियम असा : दोऱ्यावरचा ताकदीचा आकडा नंतर वाचा, मिलिमीटरमधली जाडी आधी वाचा.

मी भाषेचा शिक्षक आहे, उर्दू आणि मराठी शिकवतो. आकड्यांसाठी मी आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना बरोबर घेतले. ज्वारी काढून झालेल्या एका मोकळ्या शेतात, शेतकऱ्याला विचारून, आम्ही एक संध्याकाळ घालवली. गळ लावलाच नव्हता, नुसते शिसे. काठी एकच, नऊ फुटी. शिसे एकच, 60 ग्रॅमचे. फेकणारा एकच, म्हणजे मी. प्रत्येक दोऱ्याच्या दहा दहा फेकी केल्या आणि सरांनी पावले मोजून सरासरी काढली. 0.40 मिलिमीटरचे साधे नायलॉन 62 पावले गेले. 0.30 चे नायलॉन 74 पावले. आणि 0.18 चा विणलेला दोरा 91 पावले. ज्या 10 पावलांसाठी पोरे कमरेभर पाण्यात उतरतात, त्याच्या जवळजवळ तिप्पट अंतर कोरड्या जमिनीवर उभे राहून मिळाले. शिवाय कमरेएवढ्या पाण्यात काठी मागे नेऊन पूर्ण हात फिरवता येत नाही, त्यामुळे तिथली फेक आखूडच पडते. म्हणजे जीव धोक्यात घालून मिळते त्यातलेही निम्मे वाया जाते.

आता बाजारात मिळणाऱ्या दोऱ्यांविषयी.

पहिला साध्या नायलॉनचा, एकसंध तारेसारखा. नायलॉन अमेरिकेत 1935 साली पहिल्यांदा तयार झाले आणि पुढे जगभरच्या गळांवर सुती, रेशमी दोऱ्यांची जागा त्याने घेतली. स्वस्त आहे, गाठ चांगली धरतो, दगडावर घासला तरी बराच टिकतो. ताणला की तुटण्याआधी पाचव्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त लांबतो, त्यामुळे माशाचा हिसका सोसून घेतो. पण हाच गुण लांबवर अवगुण ठरतो. पन्नास मीटरवर माशाने चारा चाखला तर ती हालचाल ताणात जिरते, हाताला कळत नाही. नायलॉन पाणी शोषून थोडे नरम पडते आणि उन्हाने कुजते. दुकानाच्या दाराशी उन्हात टांगलेली गुंडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

दुसरा विणलेला दोरा, ज्याला मुले ‘ब्रेड’ म्हणतात. पॉलिथिलीनच्या अतिशय मजबूत धाग्यांची ही वेणी असते, चार पदरी किंवा आठ पदरी. आठ पदरी जास्त गुळगुळीत, म्हणून फेकीला सरस. 0.20 चा विणलेला दोरा ताकदीला साधारण 0.40 च्या नायलॉनच्या बरोबरीचा असतो. गणिताच्या सरांनी लगेच सांगितले, की जाडी निम्मी झाली म्हणजे दोऱ्याच्या कापाचे क्षेत्रफळ पाव झाले. म्हणजे ज्या स्पूलवर शंभर मीटर नायलॉन बसते, त्यावर हा चारशे मीटर बसेल. तो जेमतेम तीन-चार टक्के ताणतो, म्हणून दूरवरची हालचालही बोटाला कळते. किंमत मात्र नायलॉनच्या कितीतरी पट. आणि दगडाच्या धारेवर तो पटकन कापला जातो. शहागडला गोदावरीच्या काठी काळ्या खडकांत, किंवा धरणात बुडालेल्या बाभळींच्या खोडांत मासे धरायचे असतील तर नुसता विणलेला दोरा कामाचा नाही.

तिसरा फ्लोरोकार्बन. तो पाण्यापेक्षा पावणेदोन पट जड असतो, लवकर बुडतो आणि स्वच्छ पाण्यात कमी दिसतो. पण ताठ असतो आणि महाग. आपल्या दुधनेचे पाणी बारा महिने चहाच्या रंगाचे, तिथे न दिसणाऱ्या दोऱ्याचे काय कौतुक? लांब फेकीच्या मुख्य दोऱ्यासाठी त्यावर पैसे घालू नयेत, असे माझे मत आहे.

इथपर्यंत वाचून कोणी लगेच जाऊन पातळ दोरा आणेल आणि त्याला सरळ शिसे बांधून जोरात फेकेल, तर मोठा अनर्थ होईल. म्हणून पुढचा भाग नीट वाचावा.

फेकताना सगळ्यात मोठा झटका बसतो तो शिसे हवेत सुटण्याच्या क्षणी. मासा ओढतो तेव्हा रिळाचा ब्रेक सैल ठेवून आपण दोरा सोडू शकतो. फेकीच्या क्षणी दोरा बोटाने घट्ट दाबलेला असतो, काठी वाकलेली असते आणि शिसे जोराने फिरत असते. पातळ दोरा त्या क्षणी तुटला तर 60 ग्रॅमचे शिसे गोफणीतल्या दगडासारखे जाते, आणि कोणत्या दिशेने जाईल ते फेकणाऱ्याच्या हाती राहत नाही. सुट्टीच्या दिवशी धरणावर माणसे असतात, बायका-मुले असतात, पलीकडे कोणी म्हशी धूत असतो.

यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे. मुख्य दोरा पातळ ठेवायचा आणि त्याच्या टोकाला जाड नायलॉनचा एक तुकडा जोडायचा. याला शॉक लीडर म्हणतात. त्याची लांबी काठीच्या दुप्पट आणि वर स्पूलवर पाच-सहा वेढे येतील इतकी ठेवायची. नऊ फुटी काठीला सहा-सात मीटर पुरतो. म्हणजे फेकताना काठीवर, कड्यांत आणि बोटाखाली जाड दोरा असतो, झटका तोच झेलतो, आणि सुटल्यावर मागे धावतो तो पातळ दोरा. किती जाड लीडर घ्यायचा याचा जगभर चालणारा हिशेब आहे : दर 28 ग्रॅम शिशामागे साडेचार किलो ताकद. 60 ग्रॅमला साधारण दहा किलोचा, 85 ग्रॅमला साडेतेरा-चौदा किलोचा. पाकिटावर आकडा पौंडात असेल तर एक किलो म्हणजे 2.2 पौंड. लीडर नायलॉनचा असल्यामुळे तळाच्या दगडांवर घासण्याचे कामही तोच झेलतो, आणि माशाचा हिसकाही थोडा सोसतो. अर्थात खडकाळ जागी शक्यतो पूर्ण नायलॉनच वापरावे, फेक थोडी आखूड पडली तरी.

पातळ विणलेला दोरा आणि जाड नायलॉन यांची गाठ हीच सगळ्यात नाजूक जागा. डबल युनी नावाची गाठ शिकायला सोपी आहे. आवळण्याआधी ती ओली करावी, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होते. उरलेली टोके अगदी जवळून कापावीत, म्हणजे गाठ कड्यांत अडकत नाही. दर पाच-सहा फेकींनंतर गाठीवरून आणि शेवटच्या हातभर दोऱ्यावरून बोट फिरवावे. खरखरीत लागला तर तेवढा भाग कापून नवी गाठ घालावी. हे काम भाचा माझ्यापेक्षा चांगले करतो, त्याची बोटे बारीक आहेत.

स्पूल किती भरावे हेही महत्त्वाचे. कडेपासून दीड-दोन मिलिमीटर कमी इतके भरावे. स्पूल अर्धे रिकामे असेल तर दोरा आतल्या बाजूने चढून कडेला घासतो आणि कितीही महागडा दोरा घेतला तरी फेक आखूड होते. काठोकाठ भरले तर वेढे आपोआप सुटून गुंता होतो. विणलेला दोरा गुळगुळीत स्पूलवर घसरतो, म्हणून खाली आधी थोडे नायलॉन गुंडाळावे. त्यात पैसाही वाचतो, कारण सबंध स्पूल महाग दोऱ्याने भरावे लागत नाही. शंभर-सव्वाशे मीटर पुरे. विणलेला दोरा गुंडाळताना ओल्या फडक्यातून ताणून घ्यावा. सैल वेढे पुढच्या फेकीला गाठ मारतात.

दोन धोके आणखी सांगतो. गळ अडकला तर विणलेला दोरा हाताला गुंडाळून कधीही ओढू नये, तो बोट कापतो. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून, तोंड बाजूला करून ओढावे. आणि काठावरून विजेच्या तारा जात असतील तर तिथे काठी उगारूच नये. आपल्या धरणांवर पंपांसाठी ओढलेल्या तारा बऱ्याच ठिकाणी खाली लोंबलेल्या असतात, आणि कार्बनची काठी वीज वाहून नेते.

काही गोष्टी दोऱ्याच्या निवडीत येत नाहीत, पण दोरा हातात घेणाऱ्याच्या अंगी त्या असायला हव्यात. आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच तलावांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. ते लोक पैसे घालून मत्स्यबीज सोडतात, वर्षभर राखण करतात. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकणे म्हणजे त्यांच्या रोजीत हात घालणे. मासा हलाल आहे हे खरे, पण तो कोणाच्या हक्काचा आहे हाही प्रश्न त्याच्याबरोबर येतो. सोमठाण्याच्या काठावर आम्ही आधी सलाम-दुआ करतो, परवानगी घेतो, मग काठी उघडतो. नाथसागर तर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथले नियम वेगळे आणि कडक आहेत.

तुटलेल्या दोऱ्याचेही तसेच. नायलॉन मातीत कुजत नाही, वर्षानुवर्षे पडून राहते. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात, बकरीच्या तोंडात जाते, म्हशीच्या खुरात गुंतते. नायलॉनच्या मांजाने काय काय होते ते संक्रांतीच्या दिवसांत आपण दर वर्षी वाचतो, 2017 साली राष्ट्रीय हरित लवादाने तो देशभर बंद केला. गळाचा टाकाऊ दोरा त्याचाच भाऊ आहे. आमच्या पिशवीत एक रिकामी बाटली असते, दोऱ्याचा प्रत्येक तुकडा तिच्यात जातो. घरी आल्यावर कात्रीने बारीक करूनच तो कचऱ्यात टाकतो. उरलेला दोरा पतंगाला द्यायचा नाही, हेही मुलांना सांगून ठेवले आहे.

वर्गात मी मुलांना सांगतो, की आपण उर्दूत नात्याला ‘रिश्ता’ म्हणतो, पण फारसीत या शब्दाचा मूळ अर्थ धागा. मराठीतही दोन माणसांचे पटले की त्यांचे सूत जमले म्हणतात. भाच्याबरोबर धरणाच्या काठी बसतो तेव्हा हे दोन्ही शब्द आठवतात. दहावीनंतर मुले घरात बोलेनाशी होतात, हा अनुभव बहुतेक घरांत आहे. समोरासमोर बसवून विचारले तर “काही नाही” एवढेच उत्तर मिळते. पण दोघांची नजर पाण्यावर असली, सरकीच्या पेंडीचा गोळा लावून गळ टाकून झालेला असला आणि हातात दोरा असला, की अर्ध्या तासाने मुलगा आपणहून बोलतो. कॉलेजचे, मित्रांचे, कधी भीतीचे. म्हणून मुलांचा हा शौक बंद करावा, या मताचा मी नाही. बंदी घातली तरी मुले जातातच, फक्त सांगून जात नाहीत.

तेव्हा तुमच्या मुलाने गळाच्या दोऱ्यासाठी चारशे-पाचशे रुपये मागितले, तर ‘पैसे झाडाला लागतात का’ असे म्हणून विषय संपवू नका. त्याला विचारा, दोरा किती मिलिमीटरचा घेतोस? लीडर किती किलोचा जोडणार आहेस? शिसे किती ग्रॅमचे आहे? आणि शेवटी विचारा, उभा कुठे राहतोस? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे नीट आली आणि चौथ्याला तो गडबडला, तर पैसे द्या, पण पुढच्या रविवारी फजरनंतर त्याच्याबरोबर तुम्हीही धरणावर जा. पाण्यापासून चार पावले अलीकडे एक काठी रोवा आणि त्याला सांगा, बेटा, दोरा हवा तेवढा लांब जाऊ दे, तुझे पाऊल मात्र या काठीच्या पुढे जायचे नाही.